चंद्राच्या खात्यावरचा तारा

१/
१८ जून १९६२. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, व्हाइट सँड्सच्या वाळवंटातून, मध्यरात्रीला एक मिनिट उरले असताना एरोबी जातीचे एक रॉकेट आकाशात झेपावले. कागदोपत्री त्याचे काम ठरलेले होते: चंद्राच्या पृष्ठभागावरून क्ष-किरण येतात का, ते पाहणे. चंद्राचे क्ष-किरण काही मिळाले नाहीत. मिळाला तो साधारण वृश्चिक राशीच्या दिशेने येणारा एक प्रखर झोत. त्या उगमाला पुढे स्कॉर्पियस एक्स-१ हे नाव पडले. तो एक न्यूट्रॉन तारा असून आपल्या जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेत आहे, हे आज सर्वमान्य आहे.

२/
या शोधाभोवती दोन कथा फिरत असतात. पहिली: "चंद्र पाहायला गेले आणि तारा सापडला." दुसरी: "१९६७ सालीच एका सोव्हिएत शास्त्रज्ञाने अचूक उत्तर दिले होते, पण कोणी ऐकले नाही." दोन्ही सांगायला सोप्या आहेत आणि ऐकणाऱ्यालाही आवडतात. मात्र कागद लावून पाहिले, तर पहिली अर्धीच खरी ठरते आणि दुसरी तेवढीही ठरत नाही. दोघींचे मूळ एकाच खोडीत आहे: शेवट ठाऊक असताना सुरुवात वाचायची.

३/
आधी थोडे विज्ञान. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहून अधिक वस्तुमान जेमतेम २०-२५ किलोमीटर व्यासात कोंबलेला गोळा. चर्चगेटपासून अंधेरीपर्यंत पसरेल एवढा. अशा गोळ्याजवळ दुसरा तारा फिरत असला, तर त्याचे द्रव्य खेचले जाते आणि प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास वेगाने त्याच्यावर कोसळते. या पडझडीतून निघणारी ऊर्जा तेवढ्याच हायड्रोजनच्या अणुसंमीलनातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या वीसपटीच्या आसपास भरते. कोसळणारा वायू कोटी अंशांपर्यंत तापतो, आणि इतका तापलेला वायू डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा क्ष-किरणांतच अधिक झळकतो. पृथ्वीचे वातावरण हे किरण शोषून घेते. म्हणून १९६२ साली रॉकेटाशिवाय गत्यंतर नव्हते, आणि एका रॉकेटाच्या उड्डाणात हाती लागत पाच-सहा मिनिटे.

४/
आता पहिली कथा. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे 'अमेरिकन सायन्स अँड इंजिनिअरिंग' नावाची एक लहानशी खासगी कंपनी होती. सप्टेंबर १९५९ मध्ये तरुण इटालियन भौतिकशास्त्रज्ञ रिकार्दो जाकोनी तिथे रुजू झाले. कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते ब्रुनो रॉसी. विश्वकिरणांच्या अभ्यासातले मोठे नाव, तेही मूळचे इटलीचेच. रॉसी यांच्या घरी झालेल्या एका मेजवानीत त्यांनी जाकोनींना सुचवले की, अवकाशातून येणाऱ्या क्ष-किरणांकडे पाहायला हवे. चंद्राचा विषय या गप्पांत मूळ नव्हता. मूळ होते ताऱ्यांचे आकाश.

५/
अडचण हिशेबाची होती. सूर्य क्ष-किरण देतो हे १९४० च्या दशकाअखेरीस, जर्मनांकडून हस्तगत केलेल्या व्ही-२ रॉकेटांवर उपकरणे बसवून सिद्ध झाले होते. पण सूर्याच्या एकूण तेजात क्ष-किरणांचा वाटा दहा लाखांत एक एवढाच. तोच सूर्य सर्वांत जवळच्या ताऱ्याइतका दूर नेऊन ठेवला, तर त्याचे किरण सुमारे सात हजार कोटी पटींनी क्षीण होतील. तत्कालीन कोणत्याही उपकरणाला ते दिसणे अशक्य होते. म्हणजे तारे सूर्यासारखेच असतील, तर या विद्येला भवितव्य नव्हते. नासाने ताऱ्यांच्या क्ष-किरणांच्या शोधासाठी रॉकेट द्यायला होकार दिला नाही, यात म्हणूनच मूर्खपणा नव्हता. उपलब्ध आकड्यांवर घेतलेला तो शहाणा निर्णय होता. चुकीचा ठरला, ही गोष्ट वेगळी.

६/
पैसा मिळाला तो अमेरिकन हवाई दलाच्या केंब्रिज संशोधन प्रयोगशाळेकडून, आणि तो मिळाला चंद्राच्या नावावर. सूर्याचे क्ष-किरण चंद्रावर आदळले की तिथल्या मूलद्रव्यांतून त्यांचे-त्यांचे वैशिष्ट्यपूर्ण क्ष-किरण बाहेर पडतील, आणि त्यावरून चंद्राची माती कशाची आहे ते कळेल, असा तो प्रस्ताव. काळ शीतयुद्धाचा होता. चंद्राच्या मातीत लष्कराला रस असणे स्वाभाविक होते. याच कंपनीकडे अंतराळातील अणुस्फोटांचे किरण मोजण्याची कामेही होती. मूलभूत विज्ञानाचा ओढा अशा रीतीने लष्करी पाटातून काढला गेला, हे झाकण्याचे कारण नाही आणि त्याचा बाऊ करण्याचेही नाही.

७/
आता प्रश्न साधनांचा. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला बखर आणि अस्सल पत्र यांतला भेद शिकवावा लागत नाही. "चंद्र पाहायला गेले..." ही कथा बखरीच्या वळणाची आहे, असे वाटून कोणी मूळ करारनामा उघडला, तर त्यातही चंद्रच सापडेल! अस्सल कागदसुद्धा कोणाला तरी पटवण्यासाठी लिहिलेला असतो, हे इथे ध्यानात घ्यावे लागते. करारनाम्याशेजारी दुसरा कागद ठेवला की चित्र पालटते. जानेवारी १९६० मध्ये जाकोनी, जॉर्ज क्लार्क आणि रॉसी यांनी कंपनीसाठी एक अहवाल तयार केला होता. त्यात व्याधाच्या ताऱ्यापासून क्रॅब तेजोमेघापर्यंत, कोणाकोणाकडून क्ष-किरण येऊ शकतील याचे अंदाज मांडलेले आहेत. चंद्र त्या यादीतला एक.

८/
तिसरा साक्षीदार म्हणजे खुद्द उपकरण. चंद्र आकाशात अर्ध्या अंशाचा दिसतो. रॉकेटावरच्या गायगर गणकांना मात्र सुमारे शंभर अंशांचे रुंद आकाश एकदम दिसत होते, आणि रॉकेट स्वतःभोवती गिरकी घेत असल्याने ते आकाशाचा मोठा पट्टा पुन्हा पुन्हा झाडून काढत होते. विश्वकिरणांचा गोंगाट वगळण्याची युक्ती रॉसी यांच्या परंपरेतली. तिच्यामुळे ही गणकयंत्रणा आधीच्या प्रयत्नांपेक्षा कितीतरी पटींनी संवेदनशील झाली होती. रॉकेट नेमके एका जागी रोखता येत नसे, हेही रुंद नजरेचे एक कारण होते, ते मान्य. पण ज्याला केवळ चंद्र हवा असतो तो एवढे आकाश गोळा करत बसत नाही.

९/
तेव्हा योगायोग कशात होता? ऑक्टोबर १९६१ च्या उड्डाणात उपकरणांपुढची झाकणे उघडलीच नाहीत आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. जून १९६२ मध्ये ती उघडली, तेव्हा वृश्चिक डोक्यावर होता. आकाशातला सर्वांत तेजस्वी स्थिर क्ष-किरण उगम त्या रात्री क्षितिजावर असणे, एवढाच योगायोग. शोध घेणारे मात्र तयारीनिशी बसले होते. त्या रात्री आणखी एक गोष्ट नोंदली गेली: झोताव्यतिरिक्त सर्व दिशांनी येणारी क्ष-किरणांची एक मंद, एकसारखी पार्श्वभूमी. तिच्याकडे या कथेत सहसा कोणी वळून पाहत नाही.

१०/
शंकेखोरांची कमतरता नव्हती, आणि ते योग्यच होते. झोत चंद्राचा नाही, वातावरणातला नाही, हे कशावरून? जाकोनींच्या गटाने ऑक्टोबर १९६२ आणि जून १९६३ मध्ये पुन्हा रॉकेटे उडवली. वृश्चिकाचा तो भाग क्षितिजाखाली असताना झोत नाहीसा झाला, वर आल्यावर परतला. एप्रिल १९६३ मध्ये नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील हर्बर्ट फ्रीडमन यांच्या गटाने अधिक अरुंद नजरेच्या उपकरणाने त्याला वृश्चिकात पक्के केले. १९६६ मध्ये जपानचे मिनोरू ओडा यांनी योजलेल्या जाळीच्या युक्तीने त्याची जागा इतकी नेमकी ठरली की, टोकियो आणि पालोमार येथील वेधकर्त्यांना तिथे तेराव्या प्रतीच्या आसपासचा एक निळसर तारा सापडला. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात नगण्य, क्ष-किरणांत मात्र हजारपट तेजस्वी. सूर्याच्या अगदी उलट प्रमाण!

११/
हे काय असावे? फ्रिट्झ झ्विकी आणि वॉल्टर बाडे यांनी १९३४ सालीच अतिनवताऱ्याच्या स्फोटातून न्यूट्रॉन तारा उरतो, असा तर्क मांडला होता. तीस वर्षे तो कागदावर पडून होता. आता अनेकांना वाटले की नुकताच जन्मलेला, तापलेला न्यूट्रॉन ताराच क्ष-किरण देत असावा. फ्रीडमन यांनी याची जी परीक्षा घेतली, ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी घटना म्हणावी लागेल. ७ जुलै १९६४ रोजी चंद्र क्रॅब तेजोमेघाला झाकणार होता. क्ष-किरण एखाद्या बिंदुवत ताऱ्यातून येत असतील तर चंद्राची कड लागताच ते क्षणात विझतील. विस्तीर्ण ढगातून येत असतील तर हळूहळू मावळतील. रॉकेटाची ती पाच मिनिटे बरोबर त्या पिधानावर बसवली गेली. किरण हळूहळू मावळले.

१२/
निकाल स्वच्छ होता: उगम सुमारे एक प्रकाशवर्ष रुंदीचा, म्हणजे तारा नव्हे. क्ष-किरण म्हणजे न्यूट्रॉन तारे, या कल्पनेला मोठाच तडाखा बसला. आणि तरी क्रॅबच्या मध्यभागी न्यूट्रॉन तारा होताच! १९६८ मध्ये तो रेडिओ लहरींत सापडला, १९६९ मध्ये फ्रीडमन यांच्याच गटाने त्याचे क्ष-किरणांतले ठोके मोजले. एकूण किरणांत त्याचा स्वतःचा हिस्सा लहान असल्याने १९६४ च्या मोजणीत तो ढगाच्या उजेडात बुडून गेला होता. प्रयोग अचूक, त्यावरून काढलेले अनुमानही सुसंगत, आणि दिशा मात्र चुकलेली. दुसरी कथा सांगणारे हा प्रसंग हमखास गाळतात. तो गाळला तरच पुढचा नायक एकाकी आणि भोवतालचे जग आंधळे दिसते.

१३/
तो नायक म्हणजे इओसिफ श्क्लोव्हस्की. एप्रिल १९६७ मध्ये त्यांनी एका छोट्या लेखात स्कॉर्पियस एक्स-१ च्या क्ष-किरणांची आणि दृश्य प्रकाशाची सांगड घालून निष्कर्ष काढला की, हा न्यूट्रॉन तारा असून निकटच्या जोडीदाराकडून वाहत येणारा वायू त्याच्यावर कोसळत आहे. आज वाचताना अंगावर शहारा येतो, कारण यातला शब्दन् शब्द जणू पाठ्यपुस्तकातला वाटतो. रेडिओ लहरींतला पहिला स्पंदक जोसलिन बेल यांच्या कागदी आलेखावर उमटण्याच्याही आधीचा हा लेख.

१४/
मग तो मान्य का झाला नाही? "पाश्चात्त्यांचा सोव्हिएतद्वेष" हे उत्तर लगेच पुढे येते. पण लेख अमेरिकेतल्या प्रमुख खगोलभौतिकी नियतकालिकातच छापला गेला होता. खरे कारण साधे आहे. जोडतारा असेल तर वर्णपटात ठरावीक आवर्तनाने वेगाचे हेलकावे दिसायला हवेत. लोकांनी ते शोधले आणि त्यांना ते धड दिसले नाहीत. क्रॅबचा निकाल ताजा होता. जोडीदाराकडून वायू खेचणारे श्वेत बटू तर नवताऱ्यांच्या अभ्यासातून आधीच ओळखीचे झाले होते. त्याच वर्षी श्वेत बटूचा पर्यायही मांडला गेला. प्रत्यक्षात एकही न्यूट्रॉन तारा कोणी पाहिलेला नसताना ओळखीच्या वस्तूवर भागत असेल, तर अनोळखी वस्तू कशाला आणा? हा हटवाद नव्हे. पुराव्याची वाट पाहण्याची ती रीत होती.

१५/
आणि एक बाजू. श्क्लोव्हस्की प्रतिभावान होते यात संशय नाही; क्रॅबच्या प्रकाशाचे मर्म त्यांनी १९५३ सालीच ओळखले होते. पण याच गृहस्थांनी १९५० च्या दशकाअखेरीस मंगळाचा चंद्र फोबोस आतून पोकळ आणि कदाचित कृत्रिम असावा, असाही तर्क लढवला होता! समकालीनांपुढे दोन्ही तर्क एकाच माणसाचे, सारख्याच धाडसाचे होते. कोणता खरा ठरणार हे त्यांच्या कपाळावर लिहिलेले नव्हते. नेम लागलेला बाण जपून ठेवायचा, हुकलेले वेचून फेकायचे आणि मग धनुर्धराला न्याय मिळाला नाही म्हणून हळहळायचे, हा इतिहास नव्हे.

१६/
पुरावा आला तो वेगळ्याच ताऱ्याकडून. १२ डिसेंबर १९७० रोजी, केनियाच्या स्वातंत्र्याच्या सातव्या वाढदिवशी, केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातील सान मार्को या इटालियन तळावरून क्ष-किरणांसाठीचा पहिला खास उपग्रह उडाला. यजमान देशाचा मान राखून त्याला स्वाहिली भाषेतले 'उहुरू', म्हणजे स्वातंत्र्य, हे नाव मिळाले. प्रकल्पाची सूत्रे मार्जोरी टाउनसेंड यांच्याकडे होती. वैज्ञानिक बाजू जाकोनींच्या गटाकडे. मिनिटांच्या जागी आता महिने मिळू लागले.

१७/
जानेवारी १९७१ मध्ये सेंटॉरस एक्स-३ या उगमातून दर ४.८ सेकंदांनी ठोके येताना दिसले. मौज अशी की ते ठोके काही काळ किंचित लवकर, काही काळ किंचित उशिरा येत, आणि दर २.०९ दिवसांनी उगम काही तास पूर्ण विझे. ठोके देणारी वस्तू जवळ येते, दूर जाते, आणि मोठ्या जोडीदाराआड लपते: जोडतारा असल्याचा याहून नि:संदिग्ध दाखला तो कोणता? पाठोपाठ हर्क्युलीस एक्स-१ मध्ये १.२४ सेकंदांचे ठोके आणि १.७ दिवसांची प्रदक्षिणा सापडली. त्याचा दृश्य जोडीदार १९३० च्या दशकापासून 'अनियमित चलतारा' म्हणून यादीत पडून होता.

१८/
खरा कस लागला तो ठोक्यांच्या बदलत्या गतीत. रेडिओ स्पंदक काळानुसार मंदावतात. या दोन उगमांचे फिरणे मात्र वर्षागणिक जलद होताना दिसले. बाहेरून येणारे द्रव्य आपल्याबरोबर फिरण्याचा जोर आणते आणि ताऱ्याला चाळवते, असा त्याचा अर्थ. एकाच जोराने भोवरा गरकन फिरतो, जाते जागचे हलत नाही. श्वेत बटू पृथ्वीएवढ्या आकाराचा, म्हणजे जात्यासारखा. त्याला एवढ्या लवकर वेग देणे या द्रव्याला जमले नसते. हे गणित १९७० च्या दशकात चोख मांडले गेले आणि श्वेत बटूचा पर्याय या उगमांपुरता तरी मिटला.

१९/
स्कॉर्पियस एक्स-१ चे स्वतःचे काय? त्याच्या प्रदक्षिणेचा काळ, सुमारे १९ तास, १९७५ साली निश्चित झाला, आणि तो कोणत्याही उपग्रहाने दिला नाही. हार्वर्ड वेधशाळेच्या संग्रहात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जमा होत आलेल्या काचेच्या छायापट्ट्या होत्या. हजाराहून अधिक पट्ट्यांवर या ताऱ्याचे तेज मोजून त्यातून ते आवर्तन वेचून काढले गेले. ज्यांनी त्या पट्ट्या घेतल्या, त्यांना क्ष-किरणांचे आकाश स्वप्नातही ठाऊक नव्हते. दप्तरखान्यात बसणाऱ्याला याहून मोठे समाधान कोणते असणार! ठोके मात्र या ताऱ्याने अजून दाखवलेले नाहीत. तो न्यूट्रॉन तारा आहे हे आजही इतर लक्षणांवरूनच मानले जाते.

२०/
या इतिहासात भारताचे पान लहान, पण लवकरचे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने २८ एप्रिल १९६८ रोजी हैदराबादहून बलून सोडून स्कॉर्पियस एक्स-१ चे वेध घेतले. श्क्लोव्हस्कींचा लेख तेव्हा एक वर्षाचा होता आणि प्रश्न अजून उघडा होता. १९७५ च्या आर्यभट उपग्रहावरही क्ष-किरणांचे उपकरण होते. वीजपुरवठ्यातील बिघाडाने ते काही दिवसांतच थांबले. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुटलेल्या अॅस्ट्रोसॅटवरची मोठी क्ष-किरण गणकयंत्रणा त्याच मुंबईच्या संस्थेत घडली. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या ठोक्यांचे बारीक मोजमाप हेच तिचे एक मुख्य काम.

२१/
मग न्यूट्रॉन तारा 'शोधला' केव्हा? प्रश्नमंजूषेत उत्तर असते १९६७, बेल आणि ह्यूइश. उपकरणाने पाहिला म्हणायचे तर १९६२. तर्काने ओळखला तर एप्रिल १९६७. द्रव्य गिळताना रंगेहाथ पकडला तर १९७१. एकच तारीख हट्टाने मागितली की बाकीच्या तारखांची माणसे एकतर नशीबवान ठरतात किंवा अन्यायग्रस्त, आणि त्यांनी प्रत्यक्षात काय केले ते वाचायचे राहून जाते. २००२ च्या भौतिकीच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा जाकोनींना मिळाला. रॉसी १९९३ मध्ये, फ्रीडमन २००० मध्ये निवर्तले होते. पुरस्काराला जिवंत माणूस लागतो. इतिहासलेखनावर तसले बंधन नाही, तरीही ते पुष्कळदा पुरस्कारांच्या यादीबरहुकूमच लिहिले जाते.

२२/
राहता राहिला चंद्र. मूळ करारातले काम, म्हणजे क्ष-किरणांवरून त्याची माती ओळखणे, १९७१-७२ मध्ये अपोलो १५ आणि १६ यांनी चंद्राभोवती फिरताना केले. पुढे चांद्रयान-१ वरही त्यासाठी उपकरण होते. पृथ्वीजवळून त्याचे क्ष-किरणांतले चित्र मात्र १९९० च्या जूनमध्ये जर्मनीच्या नेतृत्वाखालील रोसॅट उपग्रहाने घेतले. त्यात सूर्याकडची बाजू उजळ आहे. अंधारी बाजू काळ्या सावलीसारखी उठून दिसते, कारण तिच्यामागच्या आकाशात क्ष-किरणांची मंद पार्श्वभूमी भरून आहे. १८ जून १९६२ च्या रात्री व्हाइट सँड्सच्या रॉकेटाने झोतासोबत टिपलेली, तीच.